हवा तो जगेना, नको तो मरेना

घरी समुद्री मत्स्यालय बाळगणाऱ्या माणसापुढे चपट्या कृमींचा विषय काढला, की तो आधी कपाळाला आठ्या घालतो आणि मग मोबाइल काढून फोटो दाखवतो. आठ्या असतात त्या टाकीच्या काचेवर माजलेल्या विटकरी रंगाच्या, तिळाएवढ्या कृमींसाठी. फोटो मात्र भलत्याच प्राण्याचे. काळ्याभोर मखमली अंगावर पिवळे पट्टे आणि कडेला नारिंगी किनार. नाहीतर गुलाबी-काळ्या पट्ट्यांवर पांढऱ्या ठिपक्यांची बारीक रांगोळी. लोक दोघांनाही चपटे कृमीच म्हणतात. पहिला बाटलीभर औषध ओतूनही टाकीतून हलत नाही, दुसरा सगळे लाड पुरवूनही फार दिवस राहत नाही. या छंदातली गंमत म्हणा, गोची म्हणा, ती एवढीच.

वऱ्हाडातल्या दर्यापूरला बसून कुणी हा उद्योग करायचं ठरवलं, तर गोची दुप्पट होते. समुद्र जवळपास पाचशे किलोमीटर लांब, आणि विहिरीला पाणी मात्र खारं! तिथवर येऊच. आधी हा प्राणी कोण, ते पाहायला हवं.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्राण्यांच्या वर्गीकरणात चपट्या कृमींचा संघ येतो. तिथे पट्टकृमी, लिव्हर फ्लूक आणि प्लॅनेरिया अशी उदाहरणं पाठ करून मुलं मोकळी होतात. पट्टकृमी आतड्यात राहतो, लिव्हर फ्लूक शेळ्या-गुरांच्या यकृतात. त्यामुळे ‘चपटा कृमी’ म्हटलं की वऱ्हाडातल्या माणसाला गुरांचा दवाखाना आठवावा, हे साहजिक आहे. पण याच संघात समुद्रात मोकळं फिरणारे, कुणाच्या आतड्यात न राहणारे, शिकार करून पोट भरणारे कृमीही आहेत. शास्त्रात त्यांना पॉलिक्लॅड म्हणतात. प्रवाळांच्या खडकांवर फिरणारे त्यांतले काही इतके देखणे, की पाण्याखाली फोटो काढणारे पाणबुडे त्यांच्यासाठी मासे सोडून देतात.

अंगानं हे प्राणी फारच बेताचे. लांबी बहुतेकांची काही सेंटिमीटर, जाडी जेमतेम मिलिमीटरभर. हृदय नाही, रक्त नाही, कल्ले नाहीत, फुप्फुसं नाहीत. प्राणवायू कातडीतून सरळ आत झिरपतो. म्हणूनच चपटं राहणं भाग आहे. अंग जाड झालं तर मधल्या पेशी गुदमरतील. रक्तच नसल्यामुळे अन्न पोहोचवायचं कामही आतड्यालाच करावं लागतं. त्याला असंख्य फाटे फुटलेले असतात आणि ते अंगभर पसरतात. तोंड पोटाच्या बाजूला, साधारण मध्यावर. खाताना घशाचा चुणीदार पडदा त्यातून बाहेर येतो, भक्ष्यावर पसरतो आणि ते शोषून घेतो. उरलेला चोथा त्याच तोंडानं बाहेर, कारण गुदद्वार नाही. खडकावरून सरकताना कृमी पोटाखालच्या सूक्ष्म केसांवर आणि स्वतःच्याच चिकट द्रवावर तरंगतो. काही जाती पोहतात तेव्हा अंगाच्या दोन्ही कडा वाऱ्यावर उडणाऱ्या लुगड्याच्या काठासारख्या लहरतात, आणि त्या लहरींच्या जोरावर एवढंसं अंग पाण्यातून पुढे जातं.

ही पातळ कातडीच पुढे मत्स्यालयात त्याच्या जिवावर उठते.

या कृमींचं शास्त्र तसं जुनं आहे. बीगल जहाजावरच्या सफरीत चार्ल्स डार्विननं जमिनीवरचे आणि समुद्रातले असे दोन्ही गोळा केले आणि १८४४ मध्ये त्यांच्यावर निबंध छापला. लक्षद्वीप आणि मालदीवमधल्या कृमींची पहिली नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेडलॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं केली. गुलाबी-काळ्या पट्ट्यांच्या ज्या जातीला छंदवाले ‘पर्शियन कार्पेट’ म्हणतात, त्या स्युडोबायसेरॉस बेडफर्डायचं नावही लेडलॉनंच १९०३ मध्ये दिलं. नंतर बरीच दशकं या प्राण्यांकडे फारसं कुणी फिरकलं नाही. मेलेला नमुना बाटलीत घातला की आकसतो, रंग उडतो आणि ओळख पटणं मुश्कील होतं. लेस्ली न्यूमन आणि लेस्टर कॅनन या दोघांनी १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनीच्या प्रवाळांवर जिवंत कृमींचे रंगीत फोटो काढून कामाला सुरुवात केली आणि एकामागून एक नव्या जाती उजेडात आणल्या. भारतात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. दीपक आपटे आणि त्यांच्या सहकारी पितळे यांनी २०११ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांवरच्या कृमींच्या नव्या नोंदी छापल्या, पुढे गुजरातच्या किनाऱ्यावरच्याही. म्हणजे हा विषय मराठी माणसाला अगदीच परका नाही.

एवढ्या मऊ प्राण्याला इतका भडकपणा परवडतो कसा? उत्तर बहुधा विषात आहे. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका पॉलिक्लॅडच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन सापडतं; फुगा माशाला प्राणघातक करणारं तेच विष. माशांना रंग ओळखीचा झाला की ते वाटेला जात नाहीत. मग या रंगाचा फायदा इतरही उठवतात. काही कृमींचे रंग हुबेहूब विषारी, बिनकवचाच्या समुद्री गोगलगायींसारखे असतात. प्लॅटॅक्स पिनॅटस या बॅटफिशचं पिल्लू काळंकुट्ट असतं आणि त्याच्या पंखांना नारिंगी कड असते; ते एखाद्या विषारी कृमीची नक्कल करत पोहतं, असं मानलं जातं. मोठा झाल्यावर हाच मासा साधा करडा होतो. वयात आल्यावर सोंग उतरवण्याचा प्रकार!

त्यांच्या मीलनाची हकिकत मात्र सौम्य शब्दांत सांगता येण्यासारखी नाही. प्रत्येक कृमी नरही असतो आणि मादीही. अंडी घालणं खर्चिक, शुक्राणू देणं स्वस्त. त्यामुळे दोघांनाही नर व्हायचं असतं. निको मिकिएल्स आणि लेस्ली न्यूमन यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्युडोसेरॉस बायफर्कस या जातीचं वर्णन केलं. दोन कृमी समोरासमोर येतात, अंगाचा पुढचा भाग वर उचलतात आणि खालून टोकदार जननेंद्रिय बाहेर काढून एकमेकांना भोसकायचा प्रयत्न करतात. वार कुठेही बसला तरी चालतो. शुक्राणू कातडीतून आत शिरून आपली वाट शोधतात. हे द्वंद्व तासभरही चालू शकतं. दोघंही वार करतात आणि दोघंही चुकवतात. वार बसलेल्या जागी पांढरा डाग राहतो, आणि ज्याला तो बसला त्याला जखमही भरून काढावी लागते आणि अंडीही घालावी लागतात.

असा प्राणी दिवाणखान्यात असावा असं कुणालाही वाटेल. अडतं ते जेवणाशी.

या रंगीत कृमींपैकी बहुतेकांचं मुख्य खाणं असिडियन. खडकाला, धक्क्यांच्या खांबांना, जहाजांच्या तळाला चिकटून बसणारे हे पिशवीसारखे प्राणी. दाबले की पाण्याची चिळकांडी उडवतात. त्यांच्या वसाहती असतात आणि कृमी त्यांवर बसून एकेक जीव शोषून घेतो. त्यातही प्रत्येकाची आवड ठरलेली. फ्लॉरिडाच्या खारफुटीत प्रोस्थिसेरियस क्रोझिएरी नावाचा पट्टेरी कृमी राहतो. त्याच्या आवडीचा असिडियन म्हणजे एक्टिनॅसिडिया टर्बिनाटा, ज्याच्यापासून ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगावरचं औषध मिळालं. या कृमीच्या भ्रूणांवर लंडनच्या शास्त्रज्ञांनी बरंच काम केलं. त्यांनी प्रौढ कृमी कुठून आणले? फ्लॉरिडात जाऊन, त्याच असिडियनवरून गोळा करून. प्रयोगशाळेची ही कथा, तर घरच्या टाकीचं काय!

घरच्या टाकीत असिडियन टिकत नाहीत, कारण ते स्वतः पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात आणि स्वच्छ टाकीत त्यांना काही मिळत नाही. कृमीला कोळंबीचा तुकडा दिला तर एखादी जात तो खाते, बाकीच्या ढुंकून पाहत नाहीत. मग उपासमार सुरू होते, आणि ती दिसत नाही, ही त्यातली खरी मेख. उपाशी मासा खंगतो, पोट आत जातं, मालकाच्या लक्षात येतं. उपाशी चपटा कृमी फक्त लहान होत जातो. तो स्वतःच्याच पेशी वापरतो. रंग तोच, चाल तीच, किनारही तशीच सुरेख. मालक मित्रांना सांगत राहतो, ‘मस्त आहे, महिना झाला.’ मग एका सकाळी काचेवर चिकट डागाखेरीज काहीच उरलेलं नसतं, कारण मेलेला कृमी स्वतःच्याच विकरांनी काही तासांत विरघळतो.

पिल्लं वाढवण्याची आशाही फारशी धरू नये. अनेक जातींत अंड्यातून निघतं ते आठ पाळ्यांचं, पाण्यात तरंगणारं सूक्ष्म डिंभक. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञानं ते १८५० मध्ये वर्णिलं म्हणून ते त्याच्या नावानं ओळखलं जातं. समुद्रात ते प्रवाहाबरोबर भटकतं. टाकीत पंप आणि गाळणी त्याला पहिल्याच दिवशी गिळतात. मोठ्या कृमीचंही तेच. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला नाही, तर रात्री फिरणारा कृमी सकाळी पंपातून तुकड्यांनी निघतो.

आता दर्यापूरचा प्रश्न. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे, आणि दर्यापूर तालुका त्याच पट्ट्यात येतो. पिण्यासाठी शहानूर धरणाचं पाणी आणावं लागतं. गावोगाव आरओचे प्लँट आहेत आणि पाण्याचे कॅन दारोदार फिरतात. साहजिकच कुणीतरी विचारणार: खारंच पाणी हवं ना, मग विहिरीतलंच घ्या की!

ते चालत नाही, आणि का चालत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. पहिला मुद्दा प्रमाणाचा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. खारपाणपट्ट्यातली एखादी विहीर ३००० दाखवते, आणि ते पाणी ना माणसाला चालतं ना संत्र्याला. समुद्राचं पाणी ३५,००० असतं. म्हणजे आपल्याला तोंडात धरवत नाही ते पाणी समुद्राच्या हिशेबानं गोडंच! दुसरा मुद्दा क्षार कोणते, याचा. समुद्रात सोडियम आणि क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट ठरलेल्या प्रमाणात असतात. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात ते प्रमाण बिघडलेलं असतं. हरियाणात अशाच खाऱ्या जमिनीतल्या पाण्यावर कोळंबी वाढवण्याचे प्रयोग मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेनं तिच्या रोहतक केंद्रात केले. तिथे पाण्यात पोटॅशियम इतकं कमी निघालं की कोळंबी जगेना. शेवटी शेतात टाकतात तेच पोटॅश तळ्यात टाकावं लागलं. कोळंबी तशी दणकट. पातळ कातडीच्या कृमीला असं पाणी सोसणं शक्य नाही.

तेव्हा उलट्या दिशेनं जावं लागतं. आधी पाण्यातला सगळा खार काढायचा आणि मग विकतचं समुद्री मीठ मोजून घालायचं. आरओचं पडदे-यंत्र साधारण ९० ते ९५ टक्के क्षार अडवतं. विहिरीचं पाणी २००० चं असेल तर गाळून निघालेलं १०० ते २०० चं राहतं. माणसाला उत्तम, मत्स्यालयाला नाही. त्याला पुढे रेझिनचा डबा जोडून मीटरवर शून्य आणावं लागतं. घरगुती आरओत एक छोटा व्हॉल्व असतो, चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळणारा. समुद्री टाकीवाल्यानं तो आधी बंद करावा. दोनशे लिटरच्या टाकीला मग सात-आठ किलो समुद्री मीठ लागतं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. त्यात मॅग्नेशियम-कॅल्शियम नसतं. मीठ घातलं की झालं असंही नाही. मासे आणि इतर जीव सोडण्याआधी चार-सहा आठवडे टाकी नुसती चालू ठेवावी लागते. तेवढ्या वेळात जिवाणू वाढतात आणि जनावरांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करायला शिकतात. घाई करणाऱ्यांच्या टाक्या याच टप्प्यावर मरतात.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं तेव्हा समुद्र समोरच होता. दर्यापुरात समुद्र पोत्यातून आणायचा.

मे महिना आला की खरी कसोटी. प्रवाळांच्या टाकीला पाणी २४ ते २७ अंशांत हवं असतं, आणि अकोला-अमरावतीत पारा ४५ च्या वर जातो. चिलर नावाचं यंत्र मिळतं, पण ते महाग आणि विजेवर अवलंबून. इथे वऱ्हाडाची कोरडी हवा मात्र अनपेक्षितपणे मदतीला धावून येते. पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा सोडला की बाष्पीभवनानं पाणी थंड होतं, घरातल्या कूलरचंच तत्त्व. ४३ अंशांत हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा मार्ग पाण्याला तत्त्वतः २३ अंशांच्या आसपासपर्यंत खाली ओढू शकतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत तोच पंखा २८ च्या खाली जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात दिवे आणि पंप पाणी तापवत राहतात, त्यामुळे इतकं साधत नाही. तरीही समुद्रकिनाऱ्यावरच्या छंदवाल्यापेक्षा दर्यापूरवाल्याचा पंखा जास्त काम करतो, हे खरं.

किंमत मोजावी लागते ती पाण्यात. वाफ होतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. दोनशे लिटरमधून दहा लिटर उडाले तर खारेपणा ३५ वरून जवळजवळ ३७ वर जातो. चपट्या कृमीच्या कातडीतून पाणी सहज आत-बाहेर होतं. असा झटका त्याला माशापेक्षा आधी कळतो. म्हणून उन्हाळ्यात रोज, शक्य तर यंत्रानं थेंबथेंब, शून्य क्षारांचं पाणी घालत राहावं लागतं. ते समुद्राचं नाही, साधं. नवखा इथे हमखास मिठाचं पाणी ओततो. त्यात भारनियमन. पंप बंद पडला की गरम पाण्यातला प्राणवायू झपाट्यानं संपतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवलेला बरा.

आणखी एक धोका फक्त कापसाच्या मुलखातला. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं मासे आणि कोळंबी-खेकड्यांसाठी भयंकर विषारी असतात. फवारणीचे कपडे, फवारा धरलेले हात, ऑगस्ट-सप्टेंबरातली शिवारावरून येणारी हवा, आणि घरातलं डास मारायचं यंत्रसुद्धा, कारण त्यातही याच कुळातलं रसायन असतं. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो. तांबंही तसंच. माशांच्या रोगांवरच्या बऱ्याच औषधांत ते असतं, आणि बिनकण्याच्या प्राण्यांना त्याचा थोडा अंशही सोसत नाही.

आणि कायदा. प्रवाळांची टाकी म्हणून परदेशी फोटोंत जे दगडी, फांद्यांचे, रंगीत प्रवाळ दिसतात, ते भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. समुद्रघोडे आणि राक्षसी शिंपलेही कायद्यानं संरक्षित. दगडी प्रवाळ जवळ बाळगणं, विकणं, अगदी मेलेला तुकडा शोकेसमध्ये ठेवणंही गुन्हा. शिक्षा किमान तीन वर्षांची. २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळ प्रवाळ सापडले, तर ते हलवण्यासाठी वनखात्याची परवानगी काढावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं ते उचलून दुसरीकडे बसवले. दुकानदार ‘सब चलता है’ म्हणाला तरी पोलिसांना ते पटत नाही. भारतात कायद्यात राहून समुद्री टाकी करायची, तर ती मासे, कोळंबी, संरक्षित यादीत नसलेले मऊ जीव आणि सिरॅमिकचे दगड यांच्यावरच करावी लागते.

अशा टाकीत दगडाच्या भेगेतून किंवा मऊ प्रवाळाच्या बुडाशी चिकटून, न बोलावता येतात ते दुसऱ्या प्रकारचे कृमी. सगळ्यात कुप्रसिद्ध कन्व्होल्युट्रिलोबा. विटकरी, काही मिलिमीटरचा, मागच्या टोकाला तीन शेपट्या. १९९९ पासूनच्या जनुकीय अभ्यासांनी तर त्याला चपट्या कृमींच्या संघातूनच बाहेर काढलं आहे, पण छंदवाल्यांच्या तोंडी नाव तेच राहिलं. देखणा कृमी उपाशी का मरतो हे ज्याला कळलं, त्याला हा का मरत नाही हेही लगेच कळेल. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. टाकीवर तेजस्वी दिवे लावले की शैवाल अन्न तयार करतं आणि यजमानालाही देतं. वर हा स्वतः पाण्यातले बारीक जीव पकडतो. जोडीदाराचीही गरज नाही. मागच्या टोकाला कळी फुटते, तीही उलट्या तोंडाची, म्हणजे पिल्लाचं डोकं मागच्या दिशेला, आणि ती सुटून चालू लागते. प्रवाळांसाठी जे जे उत्तम केलं, त्या सगळ्याचा फायदा आयताच त्याला मिळतो.

उपाय आहेत. सहा पट्ट्यांचा रास मासा यांना टिपतो, पण प्रत्येक मासा टिपेलच असं नाही. केलिडोन्युरा नावाची निळी मखमली समुद्री गोगलगाय फक्त असेच कृमी खाते, आणि ते संपले की तीही उपाशी मरते. पुन्हा तोच प्रश्न, वेगळ्या प्राण्याच्या वाट्याला. बाजारात थेंबांचं औषधही मिळतं. त्यात घात असा, की हजारो कृमी एकदम मेले की त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि औषधानं न मेलेले मासे त्या विषानं मरतात. म्हणून जाणकार आधी बारीक नळीनं जितके ओढून काढता येतील तितके काढतात, मग औषध घालतात, लगेच कोळशाची गाळणी लावतात आणि पाण्याचा मोठा भाग बदलतात.

परदेशात, जिथे दगडी प्रवाळ पाळणं कायदेशीर आहे, तिथे याहून चिवट शत्रू आहे. फक्त अक्रोपोरा प्रवाळ खाणारा एक पॉलिक्लॅड. तो प्रवाळाचंच रंगद्रव्य आणि शैवाल अंगात साठवतो, त्यामुळे भिंगातूनही दिसत नाही. दिसतात ते गोल पांढरे चावे आणि फांदीच्या बुडाशी तपकिरी अंड्यांची रांग. शास्त्रज्ञांनी त्याला २०११ मध्ये नाव दिलं तेव्हा तो फक्त मत्स्यालयांत सापडला होता, समुद्रात कुणी पाहिलाच नव्हता! ग्रेट बॅरियर रीफवर त्याची पहिली नोंद २०१२ ची. प्रवाळ बुडवून काढायला छंदवाले जे औषध वापरतात त्यातलं एक लेव्हामिसोल, आपल्याकडे शेळ्या-मेंढ्यांना जंतासाठी पाजतात तेच. त्यानं प्रौढ कृमी गळून पडतात, अंडी मात्र राहतात, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं.

रंगीत पॉलिक्लॅड पाहायचेच असतील, तर निदान पाचशे किलोमीटर जाणं हाच प्रामाणिक सल्ला. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली जाता येतं. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काहीही उचलायचं नाही. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ही २०१७ मध्ये सुरू झालेली मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर घेऊन जातात. जुहू किंवा हाजी अलीसारख्या ठिकाणी दगडाखाली, ओहोटीच्या डबक्यात, चपटे कृमी दिसतात. दगड उचलून पाहिला की होता तसाच परत ठेवायचा, एवढाच नियम.

आणि घरीच ठेवायचा असेल, तर दर्यापुरातल्या मुलांसाठी त्याच संघातला गोड्या पाण्यातला प्लॅनेरिया आहे. करडा-तपकिरी, सेंटिमीटरभर, दोन तिरळे डोळे. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी आणलेल्या पाणवनस्पतींबरोबर तो बहुधा फुकटच येतो. थॉमस हंट मॉर्गननं १८९८ मध्ये याच कृमींवर प्रयोग करून दाखवलं की शरीराच्या २७९ व्या भागाएवढ्या तुकड्यापासूनही नवा कृमी तयार होऊ शकतो. बंगळूरच्या इन्स्टेम संस्थेत आजही प्लॅनेरियाच्या मूलपेशींवर काम चालतं. त्याला ना चिलर लागतो ना दिवे. काचेची बरणी, शहानूरचं नळाचं पाणी क्लोरीन उडून जावं म्हणून एक दिवस उघडं ठेवलेलं, आणि वर कापड, कारण त्याला अंधार आवडतो. खारपाणाचं पाणी त्यालाही चालत नाही. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा मोहरीएवढा कण. तासाभरानं उरलेलं काढून पाणी बदलायचं. कापून पाहायचं असेल तर आधी आठवडाभर खायला घालू नये, बर्फावर ठेवलेल्या काचेवर घेऊन नव्या ब्लेडनं एका दमात कापावं आणि तुकडे वेगवेगळ्या बशांत ठेवावेत. शेपटीच्या तुकड्यावर डोळ्यांचे काळे ठिपके साधारण आठवड्याभरात दिसू लागतात.